हवाई छत्रीची पिशवी: पिन कीं वेल्क्रो?

माहुली, मलंगगड, नाणेघाट हीं नांवें ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील घरांत आतां नवीं राहिलीं नाहींत. रविवारीं पहाटे पाठीवर पिशवी टाकून मुलेंमुली स्टेशन गांठतात, आणि आईबापही दोराविषयीं चार प्रश्न विचारावयास शिकले आहेत. परंतु यांपैकीं कांहीं मुलें शिक्षणानिमित्त परदेशीं जातात, आणि तेथें कडा चढण्याऐवजीं त्यावरून उडी घेण्याचा नाद लावून घेतात. तेव्हां विचारावें काय, हेंच घरच्यांस कळत नाहीं. डोंबिवलीस आमच्या परिचयाच्या एका घरीं असाच प्रसंग आला. चिरंजीवांनीं अमेरिकेहून कळविलें कीं, छत्रीची पिशवी घ्यावयाची आहे. पिनेची घ्यावी कीं वेल्क्रोची, एवढेंच ठरावयाचें राहिलें आहे. मातोश्रींस तो प्रश्न दप्तराच्या खरेदीसारखा वाटला. तो तसा नाहीं, म्हणून हा लेखप्रपंच.

विमानांतून उडी घेणारांची गोष्ट निराळी. पुण्याच्या शीतल महाजन यांनीं २००४ सालीं उत्तर ध्रुवावर अशी उडी घेतली व २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली, हें वाचकांस ठाऊक असेलच. विमानांतून उडणाऱ्याच्या हाताशीं हजारों फूट असतात, आणि पाठीवर एक फसली तर दुसरी अशा दोन छत्र्या. इमारत, मनोरा, पूल किंवा कडा यांवरून जी उडी घेतात तिला या चार शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘बेस’ असें नांव पडलें आहे. तींत छत्री बहुधा एकच, कारण दुसरी उघडण्यास अवकाशच नसतो. हा प्रकार ज्यांनीं लोकांपुढें आणला ते कार्ल बोनिश १९८४ सालीं नॉर्वेंत अशीच उडी घेतांना वारले. आयडाहो संस्थानांत स्नेक नदीवर पेरीन नांवाचा पूल आहे. उंची ४८६ फूट. तेथें उडीसाठीं परवाना लागत नाहीं, म्हणून शिकाऊ मंडळी तेथेंच जमतात. हवेचा अडथळा सोडून शाळेंतलें गणित केलें, तर मनुष्य एका सेकंदांत १६ फूट, दोहोंत ६४ आणि तिहींत १४४ फूट खालीं येतो. साडेपांच सेकंदांत पाणी. आमच्या वर्गांतील मुलें हेंच गणित जांभया देत सोडवीत असत.

आतां पिशवी उघडते कशी तें पाहूं. उडी घेणारा हातांतील एक लहानशी छत्री वाऱ्यावर सोडतो. ती फुगली कीं तिला जोडलेली लांब पट्टी ताणली जाते, पट्टी पिशवीचें तोंड उघडते आणि मोठी छत्री बाहेर ओढते. म्हणजे तोंड उघडण्याचें बळ लहान छत्रीचें, आणि तिचें बळ वेगाचें. वेग दुप्पट झाला कीं ओढ चौपट होते; म्हणून तीन सेकंद पडलेल्यास जी ओढ लाभते, तिच्या सुमारें नवव्या हिश्शांत एका सेकंदानें छत्री सोडणाऱ्यानें काम भागवावयाचें. उडी जितकी ठेंगणी, तितकें तोंड हलक्या ओढीनें सुटलें पाहिजे. सारा वाद येथें आहे.

वेल्क्रोची कल्पना १९४१ सालीं जॉर्ज द मेस्त्राल या स्विस अभियंत्यास शिकारीहून परततांना, कपड्यांस व कुत्र्याच्या केसांस चिकटलेल्या बोंडांवरून सुचली. श्रावणांत पत्री खुडतांना ज्यांच्या वस्त्रास आघाडा चिकटला आहे, त्यांस ती वेगळी समजावून सांगावयास नको. (अपामार्ग म्हणून पूजेंत ज्याचें नांव घेतों, तोच हा.) रक्तदाब मोजण्याचा पट्टा घरोघर असतो, तो दंडावर फुगला तरी सुटत नाहीं, पण कोपरा धरून सोलला तर एका बोटानें निघतो. वेल्क्रोच्या पिशवीचें मर्म हेंच. पट्टी तिचें झांकण एका टोंकाकडून सोलीत जाते, त्यास ओढ थोडी पुरते, आणि म्हणून ठेंगण्या उडीस ती फार दिवस मानली गेली. पण तोच पट्टा जुना झाला म्हणजे पंप दाबतांच फट्‌दिशीं सुटतो. आकड्यांत सूत अडकतें, धूळ बसते, प्रत्येक उघडण्यागणिक पकड थोडी जाते. शिवाय लांब पडणाऱ्याच्या वेगांत वारा झांकणाची कड उचकटूं पाहतो. लहान छत्री हातांतच असतां पिशवी पाठीवर उघडली, तर दोर कोठें गुंततील याचा नेम नाहीं.

पिनेच्या पिशवींत दोन बांकदार पिना नाडीच्या फांसांतून गेलेल्या असतात. पट्टी त्या उपसते. ही आपल्या कोयंड्यांतल्या खिळ्याची तऱ्हा. दार ताणलेलें असेल तर खिळा निघत नाहीं, सैल असेल तर आपोआप गळतो. फांस आंखूड झाला कीं ठेंगण्या उडींत पिन हटून बसते. लांब झाला कीं वाकतां-बसतांना ती निसटते. पट्टी पिनेभोवतीं चुकून उलटी गेली तर मग ओढ कितीही येवो.

तरीही आम्ही पिनेच्याच बाजूचे. तिचा दोष उडीपूर्वीं डोळ्यांनीं पाहतां येतो व बोटानें चांचपतां येतो. वेल्क्रोची झीज दिसण्यापूर्वींच बाधते. हल्लीं बहुतेक उडी घेणारेही पिनेकडेच वळले आहेत. वेल्क्रो घ्यावयाचेंच असेल तर पट्ट्या वेळच्या वेळीं नव्या शिवून घेण्याचा खर्च धरूनच घ्यावें. अगदीं थोड्या उंचीवर मात्र पट्टी कच्च्या दोरीनें पुलासच बांधतात, किंवा सोबती लहान छत्री धरून ठेवतो. मग पडणाऱ्याचें वजनच तोंड उघडतें, आणि पिन-वेल्क्रोचा भेद फारसा उरत नाहीं. तेव्हां आईनें चिरंजीवांस आधीं हें विचारावें कीं, पहिल्या उड्या बांधून घेणार कीं हातानें सोडून, आणि पिशवी भरून झाल्यावर ती दुसरा कोण तपासतो.

आणि सुटींत घरीं आलेल्यानें माहुलीकडे त्या नजरेनें पाहूं नये. तिची उंची २८१५ फूट सांगतात ती समुद्रसपाटीपासूनची. आपला काळा पत्थर लाव्हारसाच्या थरांवर थर बसून झालेला, पायऱ्यापायऱ्यांचा. वरून अखंड दिसणाऱ्या कड्याखालीं शंभर-दीडशें फुटांवर बहुधा एखादा टप्पा पुढें आलेला असतो.