दोन देशांतील एक ओळख : बेने इस्राएल समाजाच्या कागदपत्रांविषयीं कांहीं विचार

गेल्या वर्षीं एका परिचित कुटुंबानें कुलाबा प्रांतांतील आपलें जुनें घर आवरतांना कागदांचें एक लहान बाड मजकडे पाठविलें. घरांतील बहुतेक मंडळी इस्राएल देशीं स्थायिक झाली असल्यानें मागें राहिलेल्या वृद्ध गृहस्थांस तें सांभाळणें कठीण झालें होतें. बाडांत मोडी जमाखर्चाचे कांहीं बंद, जन्ममृत्यूंच्या नोंदींचें एक बाळबोध चोपडें आणि मुखपृष्ठ गळालेली एक शिळाछापाची पोथी एवढाच ऐवज होता. पोथीच्या एका बाजूस हिब्रू व दुसऱ्या बाजूस मराठी मजकूर आहे. यादी करावयास बसलों तेव्हां पहिल्याच ओळीस अडलों. ही पोथी मराठी म्हणावी कीं हिब्रू? एतद्देशीय म्हणावी कीं परदेशीय?

याहून मोठी अडचण पुढें आली. जमाखर्चांत 'आबाजी' या नांवानें वावरणारा इसम चोपड्यांत कोठेंच दिसेना, आणि चोपड्यांतील 'अब्राहाम' जमाखर्चांत दिसेना. मीं हीं दोन माणसें समजून वंशावळ मांडली व ती एका पिढीनें लांबविली. पुढें पत्नीचें नांव आणि मृत्यूचें वर्ष दोन्हीं ठिकाणीं जुळलें, तेव्हां आपण एकाच मनुष्याचे दोन केले हें ध्यानांत आलें. बाजारपेठेंत आबाजी आणि प्रार्थनामंदिरांत अब्राहाम असा तो एकच गृहस्थ होता. ही चूक माझ्या एकट्याची असती तर ती येथें सांगण्याचें प्रयोजन नव्हतें. परंतु याच जातीची चूक विद्वानांनीं, धर्मपीठांनीं आणि राज्यकर्त्यांनींही या समाजाविषयीं केलेली आहे. यास्तव प्रस्तुत विषय संशोधकांपुढें मांडीत आहें.

१. परंपरा आणि प्रमाणें

बेने इस्राएल समाजाची परंपरा अशी कीं, त्यांच्या पूर्वजांचें गलबत अलिबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्यापाशीं फुटलें; सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या; जे बुडाले त्यांस तेथेंच पुरलें. कै. हाईम समूएल केहीमकर यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या समाजाचा जो इंग्रजी इतिहास लिहिला व जो १९३७ मध्यें तेल अवीव येथें छापला गेला, त्यांत ही कथा सविस्तर आलेली आहे. हें आगमन ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकांतील असावें या मताच्या पुष्ट्यर्थ एक प्रमाण असें देतात कीं, त्या शतकांतील घटनेवरून सुरू झालेला हनुक्का हा सण या समाजास ठाऊक नव्हता. हें प्रमाण अभावात्मक आहे. सण उत्पन्न होण्यापूर्वीं देश सोडला म्हणून तो ठाऊक नसेल, किंवा ठाऊक असून कालौघांत विसरलाही असेल. ज्या समाजाजवळ अनेक शतकें ग्रंथच नव्हते त्याच्या विस्मृतीवरून कालनिर्णय करणें धाडसाचें होय.

इ. स. २०१६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासानें या समाजाच्या रक्तांत यहुदी व भारतीय असे दोन्ही अंश भरपूर प्रमाणांत असल्याचें दाखविलें. म्हणजे परंपरेचा गाभा खरा ठरला. परंतु 'हे मूळचे कोणाचे?' या प्रश्नाचें एका शब्दांत उत्तर शोधणारांची मात्र निराशा झाली.

२. नांवें

या समाजाचीं नांवें म्हणजे त्याचा पहिला दप्तरखानाच होय. आडनांवें गांवावरून : किहीमचे केहीमकर, दिव्याचे दिवेकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, चौलचे चेऊलकर, अष्टमीचे अष्टमकर. अशीं आडनांवें शंभरांहून अधिक आहेत. व्यक्तिनामें पहावीं तों शमुएलचा समाजी, यहज्केलचा हसाजी, अब्राहामचा आबाजी. हिब्रू नांवाचा आरंभ राखून पुढें आपला 'जी' जोडावयाचा, अशी ही घडण.

शेजाऱ्यांनीं दिलेलें नांव वेगळेंच होतें. तेल गाळण्याचा धंदा करणारे आणि शनिवारीं घाणा बंद ठेवणारे म्हणून गांवांत यांस 'शनवार तेली' म्हणत. धंद्यानें त्यांस गांवगाड्यांत जागा दिली आणि वारानें वेगळें ठेविलें. दोन शब्दांच्या या नांवांत सारें आलें. ते मात्र स्वतःस 'बेने इस्राएल' म्हणजे इस्राएलचे पुत्र म्हणवीत. या नांवाची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. दुसऱ्या म्हैसूर युद्धांत इंग्रजांच्या पलटणींतील समाजी हसाजी दिवेकर टिपूच्या कैदेंत सांपडला. जात विचारली असतां त्यानें 'यहुदी' असें न सांगतां 'बनी इस्राईल' असें सांगितलें. हें नांव कुराणांत येतें म्हणून टिपूच्या मातेनें रदबदली केली व त्याचे प्राण वांचले. आख्यायिकेचा तपशील कसाही असो, सुटून आल्यावर समाजीनें १७९६ मध्यें मुंबईस या समाजाचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें, ही गोष्ट निर्विवाद आहे. या मंदिरास हे लोक 'मशीद' म्हणत, हेंही ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

३. कारण लोपलें, कृति उरली

सणांचीं नांवें त्याहून बोलकीं आहेत. वर्षारंभाचा तो 'नवियाचा सण'. प्रायश्चित्ताच्या दिवशीं दारें लावून घरांत उपोषण करावयाचें म्हणून तो 'दारफाळणीचा सण', आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीं 'शिळा सण'. पूरीम वसंतांत येतो म्हणून तो होळीचा सण ठरला. जेरुसलेमचें मंदिर पडल्याच्या शोकाचा उपवास 'बिरड्याचा रोजा' झाला. त्यांत बिरडें कोंकणचें, रोजा मुसलमानी संसर्गाचा आणि शोक जेरुसलेमचा.

यांत मला सर्वांत उद्बोधक वाटतो तो 'अनशी ढाकाचा सण'. अनस म्हणजे आंबवलेला, चटणीसारखा तोंडीं लावण्याचा पदार्थ. वल्हांडणाच्या दिवसांत त्याचें भांडें झांकून ठेवावयाचें, एवढाच विधि उरला होता. मिसर देशांतून घाईनें निघतांना पीठ आंबविण्यास अवसर मिळाला नाहीं, म्हणून त्या दिवसांत आंबविलेलें वर्ज्य, ही मूळ कथा विसरली गेली होती. भांड्यावरचें झांकण मात्र पिढ्यान्‌पिढ्या राहिलें. अर्थ न जाणतां मंत्र राखणारे वैदिक आपण पाहिले आहेत. येथें मंत्रही गेला आणि कृतीनेंच अर्थ राखला. हिब्रूपैकीं 'शमा' हें एक वाक्य त्यांच्या मुखीं उरलें होतें. जन्म, सुंता, लग्न, मृत्यु, प्रत्येक प्रसंगीं तेंच म्हणत. कोचीनचे यहज्केल राहाबी यांनीं १७६८ मध्यें हॉलंडांतील एका यहुदी गृहस्थास लिहिलेल्या पत्रांत याच गोष्टी नोंदविल्या आहेत : तेलाचा धंदा, शनिवारची विश्रांति आणि हें एकच वाक्य.

मलिद्याचा विधिही असाच. पोहे, गूळ व खोबरें एकत्र कालवून, फळें मांडून, एलियाहू हानाबी या प्रेषिताचें स्मरण करावयाचें. अलिबागेजवळ खंडाळें गांवीं त्याच्या आगमनाची खूण म्हणून एक पाषाण दाखवितात. प्रेषित इस्राएलचा, पाऊल कोंकणचें.

४. ग्रंथ परत आले ते मराठींतून

आतां माझ्या पोथीकडे वळतों. एकोणिसाव्या शतकांत या समाजास आपला धर्म ग्रंथरूपानें पुन्हा मिळाला, तो मराठीच्या द्वारें. धर्मप्रसाराच्या हेतूनें आलेल्या डॉ. जॉन विल्सन यांनीं १८३२ मध्यें मराठींतून हिब्रू व्याकरण छापलें. कोचीनहून यहुदी शिक्षक आले. मिशनऱ्यांचा हेतु फारसा सिद्धीस गेला नाहीं. मराठी बायबल आणि हिब्रू व्याकरण हातीं येतांच हे लोक ख्रिस्ती न होतां अधिक चांगले यहुदी झाले. १८४६ मध्यें मुंबईस वल्हांडणाची 'हग्गादा' ही पोथी मराठी भाषांतरासह निघाली. १८७४ सालच्या पुण्याच्या हग्गादेंत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडें नेसून जमिनीवर बसलेल्या काढल्या आहेत. पुढें या समाजांत कीर्तनेंही होऊं लागलीं. अब्राहाम, योसेफ, मोशे यांचीं आख्यानें आमच्या हरदासी थाटानें लागत. अशा वाङ्मयास हिब्रूच्या कपाटांत ठेवूं तर मराठी दुखावते आणि मराठीच्या कपाटांत ठेवूं तर हिब्रू दुखावते.

५. देशांतर आणि शंका

१९४७ च्या सुमारास हिंदुस्थानांत हा समाज सुमारें २०,००० होता. १९४८ मध्यें इस्राएल राज्य स्थापन झाल्यावर त्यांतील बहुसंख्य लोक क्रमाक्रमानें तिकडे गेले. येथें छळ झाला म्हणून कोणी गेला नाहीं. हजारों वर्षें ज्या भूमीचें नांव स्वतःस लावलें तिची ओढ, हें मुख्य कारण होतें. परंतु तेथें पोंचल्यावर एक चमत्कारिक गोष्ट घडली. कोंकणांत जे 'इस्राईल' म्हणून वेगळे होते, ते इस्राएलांत 'होदी' म्हणजे हिंदी म्हणून वेगळे ठरले. वागणुकींतील भेदभावास कंटाळून कांहीं कुटुंबांनीं परत पाठविण्याची मागणी करून धरणें धरलें व १९५२ मध्यें तीं मायदेशीं परतलीं. पुढें त्यांपैकीं अनेक पुन्हा इस्राएलांत गेलीं.

खरा घाव पुढचा होता. १९६२ मध्यें तेथील मुख्य धर्मपीठानें विवाह नोंदविणारांस आज्ञा केली कीं, बेने इस्राएल वधूवरांच्या पूर्वजांची मागील पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. शंका अशी कीं, अनेक शतकें धर्मशास्त्रज्ञांवांचून राहिलेल्या या समाजांत काडीमोड आणि पुनर्विवाह शास्त्रोक्त झाले नसतील, तर त्या संततीशीं इतरांनीं विवाह कसा करावा? यावर समाजाच्या वतीनें जें उत्तर देण्यांत आलें तें आपल्या वाचकांनीं विशेष लक्षांत घ्यावें. कोंकणांतील त्यांच्या वडीलधाऱ्यांत घटस्फोट जवळजवळ नव्हताच आणि विधवाविवाहही शेजारच्या हिंदूंप्रमाणें निषिद्ध मानीत. तेव्हां जेथें काडीमोडच नाहीं तेथें ती अशास्त्रीय होण्याचा प्रश्न येतो कोठून? ज्या चालीस परकीय संसर्ग म्हणून नांवें ठेवलीं जात, तीच त्यांच्या कुलशुद्धीची साक्षीदार झाली. १९६४ च्या उन्हाळ्यांत जेरुसलेमांत या समाजानें मोठें धरणें धरलें, आणि त्याच वर्षीं ऑगस्ट महिन्यांत तेथील विधिमंडळानें बेने इस्राएल हे सर्व बाबतींत इतर यहुद्यांच्या बरोबरीचे आहेत असा ठराव केला. त्यानंतर धर्मपीठानेंही आपल्या आज्ञेंतून या समाजाचें नांव वगळलें.

६. तीन धर्म

मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायांत देशधर्म, जातिधर्म आणि कुलधर्म अशी विभागणी येते. मला वाटतें, या गुंत्याची किल्ली तींत आहे. आबाजी हें नांव, बिरडें, मंगळसूत्र, मलिद्याचे पोहे हा देशधर्म. शनिवार, सुंता, शमा हा जातिधर्म. किहीम कीं पेण, कोणाचा मुलगा, कोणाशीं सोयरीक, हा कुलधर्म. मनुष्य हे तीनही एकाच वेळीं पाळीत असतो आणि त्याला त्यांत विसंगति वाटत नाहीं. विसंगति वाटते ती पाहणारास. कारण पाहणारा जवळचा धर्म गृहीत धरून दूरचा तेवढा मोजतो. म्हणून कोंकणानें शनिवार मोजला आणि जेरुसलेमनें बिरडें मोजलें. मीं आबाजी आणि अब्राहाम यांचीं दोन माणसें केलीं तेव्हां याहून निराळें काय केलें?

येथें शब्दशास्त्राची एक गंमत नमूद करतों. 'होदी' हा शब्द 'होदू' या हिब्रू देशनामापासून झाला आहे, तें बायबलांतील एस्तेरच्या ग्रंथाच्या आरंभींच येतें, आणि त्याचें मूळ आपल्या 'सिंधु' शब्दांत आहे. परकेपणा दाखविण्यासाठीं जें नांव त्यांस तेथें मिळालें, तें त्यांच्याच धर्मग्रंथांतील होतें आणि आमच्याच नदीचें होतें.

७. संग्राहकांस विनंति

असो. आतां कामाचें बोलूं. महाराष्ट्र शासनानें २०१६ मध्यें यहुद्यांस अल्पसंख्याकांचा दर्जा दिला; परंतु आज या देशांत उरलेला समाज कांहीं हजारांचाच आहे व कोंकणांतील घरें एकामागून एक मिटत आहेत. घर मिटलें कीं बाड रद्दींत जातें. ज्यांच्या हातीं असे कागद येतील त्यांनीं चार गोष्टी कराव्या. हिब्रू अक्षरें वाचतां येत नाहींत म्हणून पान टाकूं नये. मोडी जमाखर्च क्षुल्लक म्हणून पोथीपासून वेगळा करूं नये. पोथीचा मालक कोण हें त्या जमाखर्चावरूनच कळतें. एकाच व्यक्तीचीं दोन्हीं नांवें शेजारीं शेजारीं लिहावीं. आणि गांवोगांवच्या दफनभूमींतील शिलालेख, हिब्रू व मराठी दोन्हीं, दगड झिजण्यापूर्वीं उतरून घ्यावे.

माझ्या पोथीची नोंद मीं अखेर दोन्हीं याद्यांत केली, व दोहोंत एकमेकींचा क्रमांक दिला. शेऱ्याच्या रकान्यांत मालकाचें नांव लिहिलें : 'आबाजी, ऊर्फ अब्राहाम', आणि त्यापुढें त्याच्या गांवाचें नांव. ती नोंद त्या वृद्ध गृहस्थांस वाचून दाखविली. ते म्हणाले, "गुरुजी, माझ्या आज्याला प्रथमच कोणी पुरता लिहिला." यादी करणारास याहून निराळें पारितोषिक नको. इत्यलम्.