सतरा वर्षांनी आलेला अल्बम

गणेशोत्सवाच्या सांस्कृतिक कार्यक्रमांची आखणी सुरू झाली की आमच्याकडे दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो. सभासदांच्या घरातली मुले गिटार वाजवतात, इंग्रजी गाणी म्हणतात, काही जण स्वतः गाणी रचतात. त्यांना मंचावर कुठे बसवायचे? नाट्यपद आणि भावगीत यांच्या मधे ड्रम आणि इलेक्ट्रिक गिटार आले तर पुढच्या रांगेतली ज्येष्ठ मंडळी उठून चहाला जातात. आणि रॉक वगळले तर मुले पुढच्या वर्षी फिरकत नाहीत. हा वाद कार्यकारिणीत मिटायचा नाही. म्हणून एका उदाहरणातून या संगीताची ओळख करून द्यावी असे आम्ही ठरवले. उदाहरण मुंबईचे आहे. या क्षेत्रात पंचवीस-तीस वर्षे घालवलेल्या वादकांनी उतारवयाकडे झुकताना एक अल्बम केला आणि त्याच काळात विजेचा गोंगाट बाजूला ठेवून साध्या गिटारवरही ते गायले.

'रॉक मशीन' हा बँड १९८४ साली मुंबईत सुरू झाला. गिटारवादक महेश तिनईकर पहिल्यापासून होते. गायक उदय बेनेगल थोड्याच काळात आले. बेनेगल हे आडनाव हैदराबादकरांना नवे नाही. श्याम बेनेगल तिरुमलगिरीचे आणि निजाम कॉलेजचे, हे इथल्या जुन्या लोकांना सांगावे लागत नाही. जयेश गांधी, मार्क सेल्विन, झुबिन बालापोरिया ही त्या काळातली आणखी काही नावे.

तोवर आपल्याकडचे बहुतेक बँड परदेशी गाणी हुबेहूब वाजवण्यात धन्यता मानत. जितकी नक्कल पक्की तितकी टाळी मोठी. रॉक मशीनने स्वतःची इंग्रजी गाणी केली आणि १९८८ साली 'रॉक अँड रोल रेनिगेड' हा अल्बम काढला, १९९० साली 'द सेकंड कमिंग'. १९९३ मध्ये नाव बदलून 'इंडस क्रीड' झाले आणि त्याच वर्षी 'प्रिटी चाइल्ड' या गाण्याच्या चित्रफितीला एमटीव्हीचा आशियातल्या प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला. स्टार वाहिनीची छत्री नुकती गच्चीवर बसू लागली होती, त्या दिवसांतली ही गोष्ट. १९९५ साली बँडच्याच नावाचा अल्बम आला. दोन वर्षांनी बँड थांबला.

थांबला म्हणजे भांडून मोडला असे नाही. बाजारच उलटला होता. हिंदी पॉपची लाट आली, चित्रपटसंगीताची पकड होतीच, आणि इंग्रजीत गाणाऱ्या भारतीय बँडला पैसे लावणारे उरले नाहीत. उदय आणि जयेश न्यूयॉर्कला गेले आणि तिथे 'आल्म्स फॉर शांती' नावाने काम करू लागले. तिनईकर मुंबईत होते.

याआधीही मराठी घरातून रॉकमध्ये कोणी गेले नव्हते असे नाही. आत्माराम भेंडे आणि डॉ. आशा भेंडे यांचे चिरंजीव नंदू भेंडे सत्तरच्या दशकात 'वेल्व्हेट फॉग' या बँडमध्ये गात. ॲलेक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये जुडासची भूमिका त्यांनीच केली. पु. ल. देशपांड्यांनी ब्रेख्तच्या नाटकावरून केलेला 'तीन पैशाचा तमाशा' १९७८ साली जब्बार पटेलांनी रंगमंचावर आणला, तेव्हा त्याच्या संगीतातही नंदू होते. मराठी रंगभूमीने रॉकला दार उघडल्याचा तो प्रसंग. दुर्दैवाने ते दार पुढे कोणी फारसे वापरले नाही. नंदू भेंडे २०१४ साली गेले. शेजारी गोव्यात रेमो फर्नांडिस यांनी १९८४ मध्ये 'गोअन क्रेझी' हा अल्बम शिवोलीच्या आपल्या घरात, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर ध्वनिमुद्रित केला आणि कॅसेटी स्वतः स्कूटरवरून दुकानादुकानांत पोचवल्या.

आता 'अकूस्टिक' म्हणजे काय ते नीट समजून घेऊ, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे.

इलेक्ट्रिक गिटारच्या लाकडाला स्वतःचा असा आवाज जवळपास नसतो. तारेखाली चुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे बसवलेले असते. तार कंप पावली की त्यात विजेचा बारीक प्रवाह तयार होतो आणि तो ॲम्प्लिफायर मोठा करतो. प्रवाह मर्यादेबाहेर वाढवला की आवाज फाटतो. रॉकने हा फाटलेला आवाजच आपलासा केला. त्यामुळे एक मोठी सोय झाली: सूर लांबतो. एकदा तार छेडली की सूर कितीतरी वेळ घोंघावत राहतो, आणि त्याच्या आधाराने गायक श्वास घेऊ शकतो, शब्द सोडून देऊ शकतो, नुसते ओरडूही शकतो. साध्या लाकडी गिटारचा सूर मात्र छेडल्या क्षणापासून मरू लागतो. दोन-तीन सेकंदांत तो इतका क्षीण होतो की नवा आघात करावाच लागतो. हार्मोनियम आणि सतार यांत जो फरक, साधारण तोच हा.

म्हणजे रॉकचे गाणे लाकडी गिटारवर आणले की त्याचे सगळे आधार निघून जातात. ढोल नाही, घोंघाट नाही, प्रकाशझोत नाही. चाल कच्ची असेल तर लगेच कळते. शब्द पोकळ असतील तर तेही कळते, कारण आता ते ऐकू येतात! आमच्या मते या प्रकाराचे खरे मोल इथेच आहे. ध्वनिमुद्रित अल्बम गाणे जास्तीत जास्त सजवून दाखवतो, आणि अकूस्टिक मुद्रण त्याच गाण्याचे सगळे दागिने उतरवते.

पश्चिमेत याला घाऊक स्वरूप आले ते एमटीव्हीच्या 'अनप्लग्ड' कार्यक्रमामुळे. तो १९८९ मध्ये सुरू झाला. एरिक क्लॅप्टनने जानेवारी १९९२ मध्ये त्यासाठी जे वाजवले त्याचा अल्बम निघाला आणि पुढच्या वर्षी त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी मिळाला. बावीस वर्षांपूर्वी त्याने 'लैला' हे गाणे किंचाळत्या गिटारने गाजवले होते. इथे तेच संथ, जवळजवळ गप्पा मारल्यासारखे आले. जॉनी कॅश याचे उदाहरण आणखी बोलके. १९८६ मध्ये त्याच्या कंपनीने त्याला नारळ दिला होता. १९९३ साली, एकसष्टाव्या वर्षी, निर्माता रिक रुबिनच्या दिवाणखान्यात आणि स्वतःच्या टेनेसीतल्या लाकडी घरात एका गिटारवर त्याने गाणी म्हटली, आणि 'अमेरिकन रेकॉर्डिंग्ज'ने त्याला नवा, तरुण श्रोता मिळवून दिला. कॅश मूळचा कंट्री संगीतातला, पण रॉकवाल्यांनी त्याच्याकडून हा धडा घेतला. 'अनप्लग्ड' हे नाव शब्दशः घेऊ नये, एवढे जाता जाता सांगतो. मायक्रोफोन असतोच, निर्वाणाच्या गाजलेल्या कार्यक्रमात तर कर्ट कोबेनची लाकडी गिटारसुद्धा ॲम्प्लिफायरमधून जात होती.

आपल्या ज्येष्ठ श्रोत्यांना हे सगळे परके वाटायचे कारण नाही. संगीत नाटकांच्या काळात ध्वनिक्षेपक नव्हते, म्हणून नट उंच पट्टीत, खड्या आवाजात गात. शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचे होते. मायक्रोफोन आला आणि हळू आवाजातले भावगीत शक्य झाले. गजाननराव वाटवे हार्मोनियम पुढ्यात घेऊन गणेशोत्सवाच्या मांडवात कविता गात आणि हजारो माणसे शब्द ऐकायला बसत. एक माणूस, एक वाद्य, आणि कवितेवरचा भरवसा. अकूस्टिक बैठकीची घडण हीच आहे, फक्त भाषा आणि वाद्य वेगळे.

तर उदय बेनेगल आणि महेश तिनईकर 'व्हर्लिंग कलापाज' या अकूस्टिक संचात पुन्हा एकत्र वाजवू लागले आणि २०१० मध्ये 'इंडस क्रीड' परत उभा राहिला. झुबिन बालापोरिया कीबोर्डवर आले. बास गिटारवर रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय राव कवी हे दोघे पुढच्या पिढीचे. जुन्या सवंगड्यांनी पुन्हा जमण्याची कथा 'रॉक ऑन' चित्रपटामुळे दोनच वर्षांपूर्वी घरोघरी पोचली होती, पण चित्रपटातल्यासारखी एका रात्रीची मैफल इथे पुरणार नव्हती. जुनी गाणी वाजवून टाळ्या घेणे सोपे होते. प्रेक्षकांना तेच हवे असते. पन्नाशीकडे आलेल्या माणसांना आज काही नवे सांगायचे आहे का, हा प्रश्न फक्त नव्या गाण्यांनीच सुटतो.

ती गाणी 'इव्हॉल्व्ह' या अल्बममध्ये २०१२ साली आली. आधीच्या अल्बमनंतर सतरा वर्षांनी. मिश्रणाचे काम अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरी टिम पामर यांनी केले. पर्ल जॅमच्या 'टेन' या अल्बमचे मिश्रण त्यांचेच. 'फायरफ्लाइज', 'डिझॉल्व्ह', 'द मनी', 'बुलेटप्रूफ' ही त्यातली काही गाणी. १९९०च्या गाण्यांमध्ये ध्रुवपद पटकन येते आणि श्रोत्याला हात धरून नाचायला नेते. इथे गाणी लांब आहेत, वळणे घेतात, ध्रुवपदाची वाट पाहायला लावतात. आम्हाला पहिल्या ऐकण्यात अल्बम थोडा जड वाटला, आणि काही ठिकाणी वादन गाण्याच्या पुढे धावते असे अजूनही वाटते. पण त्यात उसनी तारुण्याची ऐट नाही. विशीतल्या मुलासारखे गाण्याचा आव कोणी आणलेला नाही. हा अल्बम आवडण्याचे आमचे पहिले कारण तेच.

वयाचा मुद्दा गळ्याच्या बाबतीत तर फार खरा आहे. पुरुषाचा वरचा आवाज साधारण चाळिशीनंतर तसाच राहत नाही. आपले गायक काळी दोनवरून काळी एकवर, कधी पांढरीवर येतात आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. रॉकमध्ये मात्र मूळ ध्वनिमुद्रण श्रोत्याच्या कानात इतके रुतलेले असते की पट्टी उतरवली की 'आवाज गेला' अशी कुजबुज होते. अकूस्टिक मांडणीत ही अडचण सोडवता येते. गिटारच्या तारा अर्ध्या सुराने सैल करायच्या, लय थोडी धरून घ्यायची, आणि वरचा सूर ओरडून घेण्याऐवजी खालून म्हणायचा. गाणे वेगळेच होते आणि तुलना आपोआप टळते.

शिवाय यात व्यवहार आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. १९८८ साली अल्बम म्हणजे दुकानातली कॅसेट. २०१२ पर्यंत कॅसेट संपली होती, सीडी संपत होती, आणि पैसे देऊन गाणे उतरवून घेण्याची सवय आपल्याकडे लागलीच नव्हती. ॲपलचे आयट्यून्स दुकान भारतात त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये उघडले. फ्लिपकार्टने फेब्रुवारीत सुरू केलेली 'फ्लाइट' ही सेवा पुढच्या वर्षी बंदही झाली. अशा वेळी अल्बम निघाला आहे हे लोकांना कळवायचे कसे? पूर्ण बँड, ड्रमचा सरंजाम, ध्वनिव्यवस्था आणि दोन तंत्रज्ञ घेऊन गावोगाव जाणे महाग. दोन गिटार आणि एक आवाज मात्र रेडिओच्या खोलीत, पुस्तकांच्या दुकानात, वर्तमानपत्राच्या कचेरीत कुठेही मावतो. अमेरिकेत एनपीआर या रेडिओसंस्थेने २००८ पासून कचेरीतल्या एका टेबलामागे कलाकारांना गायला बसवले आणि 'टायनी डेस्क' ही जगभर पाहिली जाणारी मालिका झाली. आपल्याकडे एमटीव्हीचा भारतीय 'अनप्लग्ड' २०११ मध्ये सुरू झाला. जाहिरात म्हणून केलेली ही मुद्रणे पुष्कळदा मूळ अल्बमपेक्षा जास्त ऐकली जातात, आणि त्यामुळे कलाकार मनातून खट्टूही होतात. ज्यावर वर्षे घालवली ते मागे राहते आणि एका दुपारी वाजवलेले पुढे जाते.

एक आक्षेप आमच्याकडे वारंवार येतो: ही माणसे गातात इंग्रजीत, मग आपल्या मंडळाचा त्यांच्याशी संबंध काय? आडनाव तिनईकर असले म्हणून संगीत मराठी होत नाही, हे खरेच. पण आपण स्वतःकडे पाहावे. आपल्यातली कित्येक घराणी चार-पाच पिढ्या हैदराबादेत आहेत. बाजारात दखनी, कचेरीत तेलुगू आणि इंग्रजी, घरात मराठी, असा आपला दिवस जातो. सुलतान बाजारातल्या माणसाने उर्दू गझलेवर जीव टाकला तर त्याला कोणी परका म्हटले नाही. मग नातवाने इंग्रजी गाणे रचले तर त्याचे मराठीपण का तपासावे? ते गाणे चांगले आहे की नाही, एवढे तपासावे. त्यासाठी त्याला लाकडी गिटार देऊन समोर बसवणे हा सर्वांत कडक आणि सर्वांत न्याय्य उपाय आहे.

ज्यांना ऐकून पाहायचे आहे त्यांनी 'प्रिटी चाइल्ड'पासून सुरुवात करावी. चाल सोपी आहे. मग लगेच 'फायरफ्लाइज' लावावे. दोन्हींमध्ये गळा एकच, पण मधे वीसेक वर्षे गेली आहेत, ती ऐकू येतात. त्यानंतर क्लॅप्टनची दोन्ही 'लैला' एकामागून एक, १९७०ची आधी. हेडफोन असल्यास उत्तम, आणि पहिल्या दीड मिनिटात गाणे बंद करू नये. 'इव्हॉल्व्ह'मधली बरीच गाणी त्यानंतरच खुलतात.