शक्ती गेली, तरी लीडर तीच!

आजचा प्रश्न सोपा वाटेल: सुपरहिरोंच्या टीमचा लीडर कोण होतो? सगळ्यात ताकदवान असतो तो? तसं नसतं बरं का.

एक्स-मेन घ्या. १९६३ मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी ही टीम आणली, तेव्हा लीडर होता सायक्लॉप्स, डोळ्यांतून किरण सोडणारा. १९८० मध्ये तो टीम सोडून गेला आणि सूत्रं आली स्टॉर्मकडे. वारा, पाऊस, वीज, सगळं तिच्या मुठीत! पण १९८४ च्या एका अंकात तिची शक्तीच गेली. आता?

जानेवारी १९८६ चा, २०१वा अंक. लेखक ख्रिस क्लेअरमाँट. सायक्लॉप्सला लीडरपद परत हवंय. डेंजर रूममध्ये, म्हणजे त्यांच्या सरावाच्या जागेत, दोघांची झुंज लागते. त्याच्याकडे किरण, हिच्याकडे फक्त डोकं आणि चपळाई. आणि जिंकते कोण? स्टॉर्म!

मी पडलो कोड लिहिणारा. आमच्याकडेही सगळ्यात भारी कोडवालाच चांगला लीड होतो, असं नाही. हातातलं हत्यार गेल्यावरही ज्याचं डोकं शांत राहतं, त्याच्यामागे टीम उभी राहते.

तुमचा आवडता लीडर कोण? नक्की कळवा. भेटूया!