नाभीजवळची गांठ

अजीर्ण, आम्लपित्त, अन्नावरची वासना उडणें यांची चर्चा आपल्या घरांत जेवणाच्या पाटावरहि चालते. परंतु बेंबीशीं हातास लागलेली, न दुखणारी लहानशी गांठ कोणी कोणास सांगत नाहीं. आमच्या कुटुंबांत असेंच घडलें. थोरल्या वहिनींस स्नानाच्या वेळीं अशी गांठ लागली. घरांत लग्नकार्य होतें, म्हणून त्यांनीं ती चार महिने लपविली. तपासणीअंतीं मूळ रोग जठरांत निघाला. पोटांतील रोग बेंबीस कसा पोंचतो, हा प्रश्न तेव्हांपासून आमच्या मनांत घोळत होता.

अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत रॉचेस्टर गांवच्या सेंट मेरीज रुग्णालयांत सिस्टर मेरी जोसेफ (१८५६–१९३९) ही ख्रिस्ती संन्यासिनी विख्यात शस्त्रवैद्य विल्यम मेयो यांस साहाय्य करीत असे. ती डॉक्टर नव्हे, परिचारिका. शस्त्रक्रियेपूर्वीं रोग्यांचें पोट स्वच्छ करितांना तिच्या ध्यानांत आलें कीं, कित्येकांच्या बेंबींत घट्ट गांठ असते, आणि अशांच्या पोटांत कर्करोग पसरलेला निघतो. मेयो यांनीं १९२८ सालीं हें प्रसिद्ध केलें. पुढें १९४९ सालीं इंग्लंडांतील हॅमिल्टन बेली यांनीं त्या गांठीस या बाईचें नांव दिलें. ज्या हातांनीं रोज पोटें पुसलीं, त्यांनींच हें ज्ञान मिळविलें.

जठर व आंतडीं यांचें रक्त प्रथम यकृतांत जातें. म्हणून तेथील कर्करोग बहुधा यकृतांत पसरतो. परंतु त्यास आडवाटाहि आहेत. पोटांतील लसिका वाहून नेणारी मुख्य नलिका मानेच्या डाव्या बाजूस शिरेला मिळते. त्यामुळें जठराचा रोग कधीं डाव्या गळपट्टीच्या हाडावर गांठ होऊन दिसतो. जर्मनींतील फिर्खो यांनीं १८४८ सालीं हें नमूद केलें. क्रुकेनबर्ग यांनीं १८९६ सालीं स्त्रीच्या बीजकोशांतील एका अर्बुदाचें वर्णन केलें आणि तें तेथलेंच मानिलें. पुढें कळलें कीं, तें बहुधा जठरांतून आलेलें असतें. बीज व क्षेत्र यांचा न्याय आपल्या शास्त्रांस अपरिचित नाहीं. लंडनच्या स्टीफन पॅजेट यांनीं १८८९ सालीं तोच कर्करोगास लाविला.

सुश्रुतानें सातशें सिरांचें मूळ नाभी मानिलें. आजचें शारीरशास्त्र तें स्वीकारीत नाहीं. तथापि गर्भावस्थेंतील नाळेच्या वाहिन्यांचे अवशेष बेंबीपासून यकृताकडे व मूत्राशयाकडे गेलेले असतात, आणि पोटाचें आंतलें आवरण तेथें कातडीच्या अगदीं निकट येतें. रोगास बाहेर येण्यास ती वाट सांपडते.

बेंबीजवळची प्रत्येक गांठ कर्करोगाचीच, असें मुळींच नाहीं; तेथें साधा अंतर्गळहि होतो. परंतु गांठ कठीण असेल, दाबून आंत जात नसेल, आणि त्याबरोबर वजन घटत असेल, भूक मंदावली असेल किंवा शौचास काळें होत असेल, तर काढा-लेपांत दिवस न दवडतां डॉक्टरांस दाखवावें. दुर्बिणीची नळी आंत घालून व गांठीचा तुकडा तपासून निदान होतें.

ही खूण दिसते तेव्हां रोग बहुधा पुढें गेलेला असतो. म्हणून वहिनींनीं आधीं सांगितलें असतें तर त्या वांचल्या असत्या, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु भरल्या घरांत ते चार महिने त्यांस एकटीनें काढावे लागले नसते.