मूळपुरुषाचा शोध

वंशावळ म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे वतने, सनदा आणि कुलवृत्तान्ताचे जाड ग्रंथ येतात. ज्यांच्या घरी यांतले काहीच नाही त्यांना पूर्वज असतात, पण इतिहास नसतो, अशी आपली समजूत. ती किती फोल आहे हे पाहावयाचे असेल तर मॉरिशसकडे वळावे, असे आम्हांस वाटते.

त्या बेटावरील गुलामगिरी १८३५ साली कायद्याने संपली. ती संपणार हे दिसताच उसाच्या मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून मजूर आणण्यास आरंभ केला. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलस’ जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुई बंदरात आले. ते कलकत्त्याहून आले होते. पुढे मद्रास आणि मुंबईहूनही जहाजे सुटू लागली. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत साडेचार लाखांवर माणसे गेली. त्यांत कोकणातील आणि घाटावरील मराठी कुटुंबेही होती.

या माणसांजवळ सनद कसली असणार? परंतु बंदरावरच्या कारकुनाने प्रत्येकाची नोंद केली. क्रमांक, जहाज, नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, गाव, जिल्हा. हेतू एवढाच की, मजूर मळ्यातून पळाला तर ओळखता यावा. १८६७ च्या कायद्याने तर करार संपलेल्या जुन्या मजुरांनाही छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे. पहाऱ्यासाठी केलेले हे दप्तर आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहे आणि वंशज त्यातच आपला मूळपुरुष शोधतात. ज्या कागदाने आजोबांना जखडले, तोच नातवाला घराचा पत्ता सांगतो!

शोध मात्र सोपा नाही. समजा, सखाराम नावाचा एक माणूस तेथे गेला. कारकुनाने ते नाव कानाला आले तसे रोमन लिपीत लिहिले आणि पुढच्या पिढ्यांचे तेच आडनाव झाले. मूळचे आडनाव मागेच राहिले. गाव सापडले तरी त्या नावाची गावे अनेक. जिल्ह्यांच्या सीमाही बदलल्या. दप्तरात मालवणचा माणूस रत्नागिरी जिल्ह्याचा असेल. आज त्याचे गाव १९८१ साली वेगळ्या झालेल्या सिंधुदुर्गात शोधावे लागते. अशा वेळी घरातील कुलदैवत, देवक, आजीच्या तोंडची गाणी यांचा आधार घ्यावा. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्याही पाहाव्यात. परदेशी गेलेल्याचे नाव तेथे नसले, तरी मागे राहिलेल्या भावाच्या वंशाचे असू शकते.

हे सर्व खराडीत सांगण्याचे कारण काय? मुळा-मुठेच्या काठचे हे गाव आता पुणे शहरात आले. येथील जुन्या घराण्यांच्या शेजारी कोकणातून, मराठवाड्यातून, परप्रांतांतून आलेली बिऱ्हाडे राहतात. तीही आपल्या घराण्यांची मूळपुरुषच होत. कोणत्या गावाहून निघालो, कोणत्या साली, कशापायी, बरोबर कोण होते, हे त्यांच्यासाठी कोणी कारकून लिहून ठेवणार नाही. घरातील वडीलधारी माणसे बोलती आहेत तोवर एक वही घ्यावी, त्यांच्याजवळ बसावे आणि पहिले नाव लिहावे. शंभर वर्षांनी कुणी नातू आपल्याला शोधीत आला, तर त्याला निदान ती वही मिळावी.