हाडातला कारखाना

मेसच्या काकांना केमो चालू होती तेव्हा आम्ही चौघं प्लेटलेट्स द्यायला गेलो. आठवड्याभरात पुन्हा फोन! "आत्ताच तर दिल्या," पक्या कुरकुरला. म्हणून थोडं वाचलं.

हाडाच्या पोकळीतली अस्थिमज्जा म्हणजे रक्ताचा कारखाना. केमो भराभर विभाजन होणाऱ्या पेशी मारते. ती कॅन्सरची की मज्जेतली, हा फरक तिला कळत नाही. तांबड्या पेशी १२० दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम ८-१०. उत्पादन थांबलं की त्यांचा तुटवडा आधी जाणवतो. रक्तपेढीतही त्या साधारण ५ दिवसच राहतात, साठा करून ठेवणार कसा?

बरं, नुसते कामगार मरत नाहीत, इमारतही ढासळते. रेडिएशनने मज्जेतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, रिकाम्या जागेत चरबीच्या पेशी भरतात. २०१३ साली उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं, की सिस्प्लॅटिन या औषधाने मज्जेतल्या नसांनाही इजा होते आणि मग नवं रक्त तयार व्हायला वेळ लागतो. इलेक्ट्रिकलवाल्यांना वेगळं सांगायला नको: मशीन शाबूत, वायरिंग जळालेलं!

काकांचे काउंट चौथ्या सायकलनंतर फारच रेंगाळले. तेव्हाचा फोन पक्यानेच उचलला, आणि जर्नल तसंच टाकून रिक्षा आणायला पळाला.