मुलीला चष्मा आहे का हो?

"मुलगी आम्हाला पसंत आहे हो, फक्त तेवढं चष्म्याचं काहीतरी बघा."

साताऱ्याकडच्या मंडळींचा हा फोन आला आणि आमच्या मजल्यावरच्या वहिनी पदराला हात पुसत माझ्या दारात उभ्या राहिल्या. गेल्या वर्षीची, गौरी-गणपती नुकते उरकले होते तेव्हाची गोष्ट. त्यांची लेक चोवीस वर्षांची, बी.कॉम. झालेली, बेलापूरला एका ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरसमोर. सहावीत असल्यापासून चष्मा. आता दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे सहाच्या घरात. "ताई, लेझर करून टाकायचं म्हणतेय. दहा मिनिटांचं काम असतं म्हणे. तुम्ही येता का बरोबर? तुम्हाला दवाखान्यातलं कळतं."

मला दवाखान्यातलं कळतं म्हणजे काय, तर मंडळाच्या नेत्रतपासणी शिबिरांत नावं लिहून घेणं, आज्यांना रांगेत बसवणं आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनला घाबरणाऱ्यांची समजूत घालणं! पण त्या शिबिरांत ऑपरेशन करायचं ते दिसत नाही म्हणून. इथे प्रकरण उलटं होतं. या मुलीला चष्मा लावला की लख्ख दिसत होतं. चांगल्या डोळ्याला हात लावायचा, आणि तो कुणासाठी? मला आधी रागच आला. मुलाला चष्मा असला तर "अभ्यासू दिसतो हो", आणि मुलीला असला की बायोडाटाच्या फोटोत चष्मा काढून बसवायचं! मी हे सगळं वहिनींना तावातावाने ऐकवलंसुद्धा.

तर मागून मुलगी म्हणाली, "काकू, त्यांचं सोडा. मला स्वतःलाच करायचंय."

मग तिनं सांगितलं. पावसात मानसरोवर स्टेशनवर उतरलं की काचांवर पाणी, समोरची रिक्षा दिसत नाही. हेल्मेट घालताना चष्मा वाकडा होतो. सकाळी उठल्यावर चष्मा सापडेपर्यंत उशी चाचपायची. एकदा लोकलच्या गर्दीत चष्मा पडून पायांखाली चुरा झाला, तेव्हा ही फलाटावरच्या बाकावर तशीच बसून राहिली होती, इंडिकेटर वाचता येईना म्हणून. शेवटी एका बाईने पनवेल गाडीत बसवून दिलं. माझा राग जरा ओशाळला. सासरच्यांची अट चुकीची होती, पण म्हणून मुलीची इच्छा खोटी नव्हती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे मला या वयात नव्यानं कळत होतं.

पहिल्यांदा आम्ही गेलो ते मोठं होर्डिंग पाहून. नाव सांगत नाही. मशीनवर हनुवटी टेकवून नंबर काढला आणि डॉक्टरांच्या आधी एक चुणचुणीत मुलगी समोर येऊन बसली. तीन पॅकेजेस, चाळीस हजारांपासून सव्वा लाखापर्यंत. महिनाअखेरपर्यंत सूट. "आज बुकिंग केलंत तर बाकीच्या तपासण्या फ्री." वहिनींनी पर्सची चेन उघडलीसुद्धा होती. मी म्हटलं, साडी घेतानासुद्धा आपण आधी घडी मोडून बघतो आणि मग पैसे काढतो. आधी तपासणी, मग बुकिंग. त्यावर तिचा चेहरा पडला, आणि आम्ही उठलो.

खरं तर आपल्याकडे होर्डिंग पाहून जायची वेळ यायला नको. पनवेलला डॉ. सुहास हळदीपूरकरांचं लक्ष्मी आय इन्स्टिट्यूट आहे, नवीन पनवेलला शंकरा नेत्र रुग्णालय आहे आणि खुद्द कामोठ्यात एमजीएमचं मेडिकल कॉलेज. चार ठिकाणी विचारून मग आम्ही एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी फोनवरच पहिला प्रश्न विचारला, "कॉन्टॅक्ट लेन्स वापरते का?" लग्नकार्यात वापरायची. "मग दोन आठवडे लेन्स बंद, त्यानंतर या." लेन्समुळे बुबुळाचा आकार तात्पुरता बदलतो आणि मोजमाप चुकतं, हे आम्हाला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

मैत्रिणींनो, हे ऑपरेशन म्हणजे नेमकं काय, ते बाईंनी एका कागदावर काढून दाखवलं. डोळ्याच्या पुढे काळ्या भागावर जो पारदर्शक पडदा असतो, तो कॉर्निया. त्याची जाडी सरासरी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे ५४० मायक्रॉन. लॅसिकमध्ये इंजेक्शन नाही, नुसते बधिर करणारे थेंब. कॉर्नियाचा वरचा पातळ पापुद्रा झाकणासारखा उचलायचा, खालच्या भागावर लेझर मारून त्याचा बाक बदलायचा, आणि झाकण पुन्हा लावून द्यायचं. टाके नाहीत. लेझर चालतो तो काही सेकंद. दुसऱ्या दिवशी बहुतेकांना भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येतं. स्माइल नावाच्या नव्या पद्धतीत झाकण न उघडता छोट्या छेदातून आतली चकती काढतात. पद्धत कुठलीही असो, कॉर्नियाचा थोडा भाग कायमचा जातो. तो परत येत नाही.

या लेझरची जन्मकथा ऐकून मला फार गंमत वाटली. त्यामागे आपले मद्रासचे रंगस्वामी श्रीनिवासन आहेत. अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत ते काम करत. १९८१ मध्ये थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर घरातलं उरलेलं टर्कीचं मांस त्यांनी प्रयोगशाळेत आणलं आणि त्यावर एक्सायमर लेझर मारून पाहिला. आजूबाजूला जराही न जळता त्यात स्वच्छ रेघ उमटली. पुढे डोळ्यांच्या डॉक्टरांच्या हाती ते तंत्र गेलं. १९९५ मध्ये अमेरिकेत अशा लेझरला डोळ्यांसाठी मान्यता मिळाली, आणि २०१३ मध्ये श्रीनिवासन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांना व्हाइट हाउसमध्ये राष्ट्रीय पदक. शिळ्या अन्नाचं इतकं चीज कुणी केलं नसेल!

पण मुख्य गोष्ट हिशेबाची. बाई म्हणाल्या, "उणे एक नंबर घालवायला साधारण बारा ते पंधरा मायक्रॉन खरवडावे लागतात. हिचा नंबर सहा, म्हणजे ऐंशीएक. वरचं झाकण शंभर ते एकशे वीसचं. आणि खाली निदान अडीचशे, माझ्या मते तीनशे मायक्रॉन शिल्लक राहायलाच हवेत." मुलीच्या कॉर्नियाची जाडी निघाली चारशे ऐंशी. मी मनातल्या मनात भिशीच्या हिशेबासारखी वजाबाकी केली. तीनशेच्या खाली जात होतं.

तरी बाईंनी नुसत्या त्यावर निकाल दिला नाही. मशीनवर कॉर्नियाचा नकाशा काढला. निळा, हिरवा, पिवळा, अगदी शाळेच्या अ‍ॅटलसमध्ये डोंगर दाखवतात तसा. डाव्या डोळ्यात खालच्या बाजूला एक छोटा केशरी ठिपका होता. बाई त्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग विचारलं, "डोळे चोळतेस का गं?"

मुलगी म्हणाली, "सारखी." कामोठ्यात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. एक बिल्डिंग पुरी झाली की शेजारी दुसरीचा पाया खणतात, आणि सायन-पनवेल हायवेची धूळ वर्षभर खिडकीच्या जाळीवर बसते. तिला धुळीची अ‍ॅलर्जी, लहानपणापासून.

तो ठिपका म्हणजे केरॅटोकोनसची शंका होती. यात कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे यायला लागतो. डोळे चोळण्याने ते वाढतं. अशा डोळ्यावर लॅसिक केलं तर उरलासुरला आधारही जातो, आणि मग चष्म्यानेसुद्धा नीट दिसत नाही. "आजार आहेच असं मी म्हणत नाही," बाई म्हणाल्या. "पण लॅसिक नाही. अ‍ॅलर्जीचे थेंब देते, चोळणं बंद, सहा महिन्यांनी पुन्हा नकाशा. वाढत असेल तर ते थांबवायचा उपाय आहे, रिबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील किरण देऊन कॉर्निया घट्ट करतात. नसेल वाढत, तर डोळ्याच्या आत लेन्स बसवायचा विचार पुढे करता येईल." खर्च विचारला तर तो लॅसिकच्या कितीतरी पुढे. आणि मेडिक्लेमचं म्हणाल, तर साडेसातपेक्षा कमी नंबरसाठीचा खर्च विमा कंपन्या देत नाहीत. तसा नियमच आहे.

पहिल्या ठिकाणी त्या दिवशी वहिनींनी पैसे भरले असते तर? तिथेही पुढे कुणीतरी नकाशा पाहिला असता कदाचित. पण हा "कदाचित" मला रात्री झोपेत आठवला.

ज्यांचे डोळे या तपासणीत बसतात, त्यांनी घाबरावं असं मात्र मला सुचवायचं नाही. माझ्या भाचीने चार वर्षांपूर्वी केलं, ती आनंदात आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लॅसिक केलेल्यांना प्रश्न विचारून एक पाहणी केली, ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. नव्वद टक्क्यांहून जास्त लोक समाधानी होते. पण ज्यांना आधी काही त्रास नव्हता, त्यांच्यापैकी ४६ टक्क्यांपर्यंत लोकांना तीन महिन्यांनी दिव्याभोवती वलय, चकाकी असलं काहीतरी नव्यानं दिसत होतं आणि ३० टक्क्यांपर्यंत लोकांचे डोळे कोरडे पडले होते. रोजचं काम अडावं इतका त्रास झालेले एक टक्क्याहूनही कमी. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचायचे.

आपल्या बायकांच्या दृष्टीनं आणखी काही. अठरा वर्षांच्या आत नाही, आणि नंबर निदान वर्षभर स्थिर हवा. दिवस गेलेले असताना किंवा बाळ अंगावर पीत असताना नंबर हलतो, तेव्हाही नाही. लग्नाच्या तोंडावर तर मुळीच नको, कारण डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, काजळ नाही, आणि हळदीत चेहरा माखायला करवल्या काही डॉक्टरांना विचारून येत नाहीत! आधीच्या तपासण्यांचे कागद मात्र जन्मभर जपून ठेवायचे. पुढे मोतीबिंदू झाला की आत बसवायच्या लेन्सचा नंबर काढताना ते लागतात.

आता माझी गोष्ट. माझा नंबर सव्वातीन. आलेच आहे तर विचारून घ्यावं म्हणून मी हळूच म्हटलं, "माझा जाईल का हो?" बाई हसल्या. "पेपर कसा वाचता?" मी म्हटलं, चष्मा काढून. "तांदूळ निवडता, सुईत दोरा ओवता?" तेही चष्मा काढूनच. "मग लेझर केलंत तर टीव्ही बिनचष्म्याचा दिसेल, पण तांदूळ निवडायला चष्मा लावावा लागेल. चाळिशी लेझरने जात नाही." मी घरी येऊन चष्मा काढून तांदूळ निवडले. इतकी वर्षं ज्याला दोष म्हणत होते त्याचा हा उपयोग मला माहीतच नव्हता.

वहिनी मात्र रिक्षात गप्प होत्या. घराजवळ आल्यावर म्हणाल्या, "ताई, हे कुणाला बोलू नका. चष्मा आहे म्हटलं तर चालेल एक वेळ. डोळ्यात दोष निघाला म्हटलं तर..." मला उत्तर सुचलं नाही. त्यांचं चूक आहे असं म्हणणं सोपं होतं, पण मुलगी माझी नव्हती, आणि पाहुण्यांचे फोन मला येत नव्हते.

निर्णय मुलीनेच घेतला. रविवारी त्या मुलाला स्वतः फोन करून सगळं सांगितलं, नकाशा, ठिपका, सहा महिने. तो "बरं" म्हणाला, आईशी बोलतो म्हणाला. नंतर फोन आला नाही. वहिनी दोन आठवडे माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलत होत्या, आणि मुलगी एक शनिवार रडली. मग दिवाळीच्या बोनसमधून तिनं नवीन चष्मा घेतला. जाड काळी फ्रेम, लांबूनही दिसेल अशी.

मार्चमध्ये पुन्हा नकाशा काढला. ठिपका तेवढाच आहे, वाढलेला नाही. आता दिवाळीच्या आधी परत बोलावलंय. यावेळी वहिनी स्वतःहून म्हणाल्या, "तुम्ही याल ना?" परवा लिफ्टमध्ये माझा मुलगा डोळे चोळत उभा होता, तर या पोरीनं त्याचा हात धरून खाली केला. "चोळायचं नाही. पाणी मार."